पुढच्या रविवारी सामना कुठे आहे?

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा धुव्वा उडवला. कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पाहायला आलेले लोक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला आणि देशाची विनवणी केली, की आम्हाला शिव्या घाला, टीका करा, पण मैदानावर या. देशासाठी तीन गोल मारलेल्या कर्णधारावर प्रेक्षक मागायची वेळ आली.

त्याच्या जेमतेम सात महिने आधी याच महानगराच्या दुसऱ्या टोकाला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाची उपांत्य लढत झाली होती. स्पेनने मालीला ३-१ ने हरवले. ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबईत मिळून ५२ सामने झाले आणि ते पाहायला १३ लाख ४७ हजारांवर लोक गेले. चीनचा १९८५ सालचा गर्दीचा उच्चांक आपण मोडला. भारत आता फुटबॉलचा देश झाला, असे फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो म्हणाले.

मग ते तेरा लाख गेले कुठे?

‘आपल्या लोकांना क्रिकेटशिवाय काही आवडत नाही’ हे उत्तर तयार असते आणि ते चूक आहे. छेत्रीने साद घातल्यावर ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पाऊस कोसळत होता आणि लोक हलले नाहीत. फुटबॉलवर जीव असलेली माणसे या शहरात आहेत. त्यांच्याकडे नाही ते वेळापत्रक. कोणत्या वारी, कुठल्या मैदानात, कोणता आपला संघ खेळणार, हे ज्याला पाठ असते त्याला मैदानात बोलवावे लागत नाही. मोठी स्पर्धा गर्दी जमवते. चाहता घडायला तोच संघ, तेच मैदान आणि पुन्हा पुन्हा येणारा सामना लागतो. यजमानपदाचा हिशेब आपण गर्दीत मांडतो, तिथेच आपली फसगत होते.

दरवर्षी येणारी स्पर्धा

मुंबईला हे मुद्दाम शिकवायची गरज पडू नये. या शहराने १८९१ पासून रोव्हर्स कप भरवला. फौजेच्या संघांपासून सुरू झालेली ही स्पर्धा कूपरेजवर दरवर्षी व्हायची. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. पाहुणा संघ दरवर्षी येत राहिला की तो पाहुणा राहत नाही. त्याचे खेळाडू नावानिशी माहीत होतात, त्यांच्यावरून नाक्यावर वाद होतात, बाप मुलाला घेऊन जातो आणि दहा वर्षांनी तो मुलगा मित्रांना घेऊन जातो.

ही स्पर्धा २०००-०१ नंतर झालीच नाही. तिची जागा दुसऱ्या कोणत्याही वार्षिक स्पर्धेने घेतली नाही. तेव्हा मुंबईने २०१७ मध्ये विश्वचषकासाठी दार उघडले, त्या वेळी शंभर वर्षांहून जुने आपले स्वतःचे दार तिने सोळा वर्षे बंद ठेवले होते. तीन आठवड्यांच्या स्पर्धेने ते उघडले नाही. उघडावे असे कोणी ठरवलेही नाही.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावायचा उपक्रम केला. शाळाशाळांत चेंडू गेले. ज्या मुलांनी आयुष्यात चेंडूला लाथ मारली नव्हती, त्यांनी ती मारली. हा दिवस चांगला होता आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण त्याच वर्षी काय झाले तेही वाचा. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून खाली घसरला आणि बंद पडला. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमधून बाहेर पडला. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये दहा संघ होते आणि त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. दहा लाख मुलांच्या हातात चेंडू ठेवणाऱ्या राज्यात, त्याच हंगामात, त्या मुलांनी आपले म्हणावेत असे दोन संघ नाहीसे झाले.

पुण्यातल्या एखाद्या मुलाची गोष्ट घ्या. त्याने पुणे एफसीवर जीव लावला असता तर २०१५ मध्ये त्याचा संघ संपला. भारत एफसीकडे वळला असता तर तो एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. शाळा संपायच्या आत चार संघ त्याच्या हातून निसटले. पाचव्यांदा त्याने मँचेस्टर किंवा माद्रिदच्या संघाचा शर्ट घातला, तर त्याच्या निष्ठेवर बोट ठेवायचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? तिकडचा संघ निदान पुढच्या वर्षी असतो.

गाव नसलेला संघ

९ ऑक्टोबर २०१७. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगने हेडर मारला आणि विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला. मिनिटभरात कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली आणि आपण १-२ ने हरलो. अमेरिकेविरुद्ध ०-३, घानाविरुद्ध ०-४. निकाल वाईट होते, पण मुले जिगरीने खेळली आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

त्या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी इंडियन अ‍ॅरोज हा संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला गेला. खेळाडूंच्या दृष्टीने विचार योग्यच होता, कारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला खेळायला सामने हवेतच. चाहत्यांचा विचार मात्र कोणी केला नाही. या संघाचे घरचे मैदान कधी दिल्लीत, कधी गोव्यात, कधी भुवनेश्वरला, कधी कूपरेजवर. देशाने ज्या मुलांची नावे पाठ केली होती, त्यांच्या संघाला ‘आमचा’ म्हणणारी एकही वस्ती मिळाली नाही. २०२२ मध्ये संघ मोडला आणि कुठल्याही गल्लीत त्याचे सुतक पडले नाही. विश्वचषकाने मिळवलेले प्रेम साठवायला भांडे नव्हते, म्हणून ते सांडले.

कोल्हापूरकडे बघा

त्या विश्वचषकाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच्या शहरात विश्वचषकाचा एकही सामना झाला नाही, आणि तरीही महाराष्ट्रात फुटबॉलचा चाहता म्हणजे काय हे पाहायचे असेल तर नेरुळला जाऊन भागणार नाही, शाहू स्टेडियमच गाठावे लागेल.

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावे तालमींची, मंडळांची आणि पेठांची आहेत. जिथे कुस्तीचा आखाडा होता तिथेच फुटबॉलचा संघ उभा राहिला. कोल्हापुरात संघ निवडायचा नसतो. ज्या पेठेत जन्म झाला तो संघ आपला. मंगळवार पेठेतला म्हातारा वीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातली पेनल्टी आजही भांडून सांगतो. विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण ते महिन्याभरात उतरतात. तालमीचा झेंडा बारा महिने राहतो.

कोल्हापूरचे दोषही सांगायला हवेत. ईर्षा मैदानाबाहेर गेली की दगडफेक होते, हुल्लडबाजीमुळे सामने थांबतात, शिवीगाळ अशी चालते की अनेक घरांतून मुलीला सामन्याला पाठवत नाहीत. सरावाला मैदाने अपुरी आहेत. या गोष्टींवर पांघरूण घालणारा माणूस कोल्हापूरच्या फुटबॉलचा मित्र नाही. पण जागतिक स्पर्धेच्या यजमानांना जे कोट्यवधी खर्चून मिळत नाही, ते या शहराकडे मुळातच आहे: हरलेल्या संघासाठी पुढच्या आठवड्यात परत येणारा माणूस. राज्याला फुटबॉलची योजना आखायची असेल तर पहिली बैठक इथे घ्यावी.

मडगावचे स्टेडियम, गावातले मैदान

गोव्याला फुटबॉल कोणी शिकवू नये. गावागावात मैदान आहे, संघ आहे, आणि गावागावांतली चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स या तिघांनीही देशाची लीग जिंकलेली आहे. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १९८९ पासून किती मोठे सामने झाले ते मोजत बसायला नको. २०१४ मध्ये लुसोफोनिया खेळ झाले, त्यासाठी डागडुजी झाली. २०१७ मध्ये मुलांचा विश्वचषक झाला, २०२२ मध्ये मुलींचा झाला.

या सोहळ्यांच्या मधोमध, २०१६ च्या उन्हाळ्यात, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. देशाच्या फुटबॉलचा आराखडा बदलत होता आणि त्यात आपल्याला भविष्य नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे विश्वचषक गोव्यात आला, तेव्हा देशाच्या दोन्ही प्रमुख लीग मिळून गोव्याचे एफसी गोवा आणि चर्चिल ब्रदर्स एवढेच संघ उरले होते.

पुढे करोनाकाळात २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यातच झाले: फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळी. दार मात्र बंद. २०२२ चा अंतिम सामना सोडला तर रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ चालला. साथीत दुसरा इलाज नव्हता हे मान्य. पण त्या दोन वर्षांनी एक गोष्ट दाखवून दिली. यजमानपद आणि स्थानिक चाहता यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला, तरी टीव्हीवरचा सोहळा नीट पार पडतो. आयोजकाला गोंयकार लागतच नाही. म्हणून गोंयकाराने आपल्या जागेसाठी स्वतः भांडावे लागते. धेंपो आठ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, आय-लीगमध्ये परतला. माझ्या लेखी फातोर्डावर झालेल्या कुठल्याही जागतिक सामन्यापेक्षा ही बातमी मोठी आहे.

खुर्ची आणि उभी जागा

मोठी स्पर्धा स्टेडियमची रचना बदलते आणि रचना बदलली की चाहता बदलतो. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १३ जुलै १९९७ रोजी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातला फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना १,३१,७८१ लोकांनी पाहिला. २०१७ साठी तिथे काँक्रीटच्या पायऱ्यांवर खुर्च्या बसल्या, कृत्रिम पृष्ठभाग जाऊन खरे गवत आले. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ ने हरवले, तेव्हा भरगच्च स्टेडियममध्ये ६६,६८४ लोक होते. जागा निम्मी झाली. मी याला तोटा म्हणणार नाही. याच कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ माणसे मेली होती. माणूस घरी जिवंत परतणे ही पहिली अट आहे.

प्रश्न पुढचा आहे. कमी झालेल्या जागांतून कोण बाहेर पडले? रिओच्या माराकानाने याचे उत्तर दिले आहे. तिथे मैदानालगत ‘जेराल’ नावाचा उभ्याचा पट्टा होता. तिकीट सगळ्यात स्वस्त, खेळ अर्धामुर्धाच दिसायचा, आणि रिओचा गरीब माणूस तिथेच उभा असायचा. २००७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेच्या तयारीत, २००५ मध्ये, तो पट्टा बंद झाला. मग २०१४ च्या विश्वचषकासाठी सगळे स्टेडियम पुन्हा आतून बदलले. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्याला तिकीट काढून आलेलेच १ लाख ७३ हजारांवर होते. आता क्षमता ७८ हजारांच्या घरात आहे. गरिबाची हक्काची जागा गेली ती गेली.

आणि हे अटळ नव्हते. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियमवर २००६ च्या विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हा उभ्याच्या जागी खुर्च्या बसवल्या आणि क्षमता सुमारे ६५ हजारांवर आणली. स्पर्धा संपली, खुर्च्या काढल्या. आज लीगच्या सामन्याला तिथे सुमारे ८१ हजार लोक मावतात आणि दक्षिणेकडच्या एका स्टँडमध्ये जवळपास २५ हजार उभे असतात. जर्मनीत नियमच असा आहे, की क्लबच्या कारभारात मतांचे बहुमत सभासदांकडे राहिले पाहिजे. ज्या क्लबचा मालक चाहता असतो, तो पाहुण्यांसाठी खुर्ची मांडतो आणि पाहुणे गेल्यावर उचलूनही ठेवतो. ब्राझील आणि जर्मनी, दोघांनी सगळ्या प्रेक्षकांना खुर्ची देण्याची फिफाची तीच अट पाळली. एकाने चाहत्याला बाहेर काढले, दुसऱ्याने नाही.

मोठ्या स्पर्धेकडून घ्यायचे ते

अशा स्पर्धेतून घ्यावे असे बरेच आहे. नंबर असलेली खुर्ची, वापरता येईल असे स्वच्छतागृह, प्यायचे पाणी, नीट उजेड, अदबीने बोलणारा पोलिस. यांमुळे घरातल्या बायका आणि मुली मैदानात येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी मुंबईत मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. भारताच्या मुली तीनही सामने हरल्या होत्या: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. आकडे लाजिरवाणे आहेत, पण लाज त्या पोरींची नाही. तालुक्याच्या ठिकाणी मुलींची नियमित स्पर्धा नसताना सोळा वर्षांच्या मुलीला ब्राझीलसमोर उभे करणाऱ्यांची आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारताच्या फुटबॉल महासंघाला निलंबित केले होते. यजमान देशाचे घर स्पर्धेच्या दोन महिने आधीपर्यंत असे विस्कटलेले होते.

स्वच्छतागृह आणि उजेड जागतिक स्पर्धेला परवडतो, तर जिल्ह्याच्या लीगलाही परवडला पाहिजे. तो पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा माल नव्हे.

उन्माद

१३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. हजारो रुपयांचे तिकीट काढून गेलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही, कारण त्याच्याभोवती नेते आणि पाहुण्यांचा गराडा होता. लोकांनी खुर्च्या उखडल्या, बाटल्या फेकल्या, मैदानात घुसले. २०१७ साठी नवे केलेले तेच स्टेडियम.

त्या दिवशी इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरूसुद्धा झालेला नव्हता. देशाची मुख्य लीग अडकून पडलेली आणि देश एका पाहुण्याच्या दर्शनासाठी रांगेत. तोडफोडीचे समर्थन मी करत नाही. पण वर्षानुवर्षे आपण लोकांना फुटबॉलचा सोहळा विकत आलो आणि फुटबॉल देत नाही आलो. सोहळ्यासाठी पैसे घेतल्यावर तोही दाखवता आला नाही, तेव्हा त्यांच्या हातात रागाशिवाय काही उरले नाही. आपल्या पेठेच्या सामन्याला दर आठवड्याला जाणाऱ्या माणसालाही मेस्सी पाहायचा असतो. फक्त त्याचे सगळे फुटबॉल त्या एका दुपारवर टांगलेले नसते.

आता मागायचे काय?

२०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळाले आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकवर देशाचा डोळा आहे, आणि ऑलिंपिकमध्ये फुटबॉल असतो. म्हणजे आणखी स्टेडियमे उभी राहतील, आणखी गर्दीचे आकडे छापले जातील. त्याआधी प्रत्येक यजमान शहराच्या फुटबॉलप्रेमींनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात.

एक, स्पर्धेच्या सरावासाठी तयार झालेली मैदाने स्पर्धा संपल्यावर शहरातल्या क्लबांना आणि शाळांना ठरलेल्या वेळी, परवडणाऱ्या भाड्यात मिळतील.

दोन, तिकीटविक्रीतला ठराविक वाटा त्या जिल्ह्याच्या लीगला, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही, किमान पाच वर्षे जाईल.

तीन, स्टेडियममधला एक स्टँड स्वस्त तिकिटाचाच राहील आणि तो स्थानिक क्लबांच्या चाहत्यांसाठी असेल. ढोल-ताशा आणायला तिथे बंदी नसेल.

चार, स्पर्धेनंतर वर्षभराने यजमानांनी पुन्हा हिशेब द्यावा. स्पर्धेला किती आले हे सांगू नका. शहरात वर्षभरात किती लीग सामने झाले, किती क्लब टिकले, किती नवे झाले आणि सामन्याला सरासरी किती लोक आले ते सांगा.

या चार अटी मान्य नसतील तर त्या शहराने यजमानपद नाकारावे, असे मला वाटते. तो पैसा जिल्ह्याच्या लीगवर खर्च करावा, रोव्हर्स कप पुन्हा सुरू करावा, पुण्याला न मोडणारा एक क्लब द्यावा, कोल्हापूरला दोन मैदाने द्यावीत. विश्वचषक भरवणारे देश पुष्कळ आहेत. आपल्या पोरांना आपला संघ देणारे राज्य आधी व्हायला हवे. विश्वचषकाचे नंतर बघू.